पदकातील तांबडा खडा

घरातील वडीलधारे माणूस गेले म्हणजे काही दिवसांनी त्याची पेटी उघडावी लागते. आमच्या घरी तो दिवस आईच्या महिन्याच्या मिस्सेनंतर आला. पेटीत फारसे काही नव्हते. दोन पाटल्या, वडिलांची पत्रे, एक बंद पडलेले घड्याळ, आणि जुन्या तलम कापडात गुंडाळलेले सोन्याचे एक पदक. पदकाच्या मधोमध लहान करवंदाएवढा तांबडा खडा आणि त्याभोवती बारीक मोत्यांची ओळ. त्यांतले तीन मोती गळून गेलेले. आमच्या घरात या दागिन्याला पिढ्यान्‌पिढ्या ‘माणकाचे पदक’ असेच म्हणत आले आहेत.

पदकाबरोबर त्याची कथाही चालत आली आहे. माझी पणजी सुईणीचे काम शिकलेली परिचारिका होती. १९०८ च्या सप्टेंबरात मूसी नदीला तो भयंकर पूर आला, त्याच्या पुढल्या वर्षी एका रात्री शहरातील कोणा देवडीतून तिला बोलावणे आले. बाळंतपण अडले होते. पहाटे आई आणि मूल दोघेही सुखरूप सुटली, आणि बेगमसाहेबांनी गळ्यातील पदक उतरवून पणजीच्या हाती दिले. देवडीचे नाव कथेत नाही. आजीने ते आईला सांगितले नव्हते, आणि आईने विचारलेही नव्हते. एवढ्या मोठ्या घरचे दान, तेव्हा खडा माणिकच असणार, हा तर्क मात्र कोणीही उघड न मांडता सर्वांनी मान्य केलेला होता.

या तर्कावरच आमची वाटणी झाली. थोरल्या बहिणीने पदक घेतले. बँकेतील ठेव आणि लहानसे घर आम्हां दोघा भावांकडे आले. खडा माणिक धरला तर तिघांचे वाटे जवळजवळ सारखे होत होते. पण बहिणीला लवकरच मुलीच्या शिक्षणासाठी पैशाची निकड पडली आणि ती पदक घेऊन जवाहिऱ्याकडे गेली, तेव्हा खरा प्रश्न उभा राहिला. पहिल्या दुकानात दिव्याखाली पाहून ‘माणिकच आहे’ असे सांगण्यात आले, परंतु विकत घेण्याची गोष्ट निघताच बोलणे थांबले. दुसऱ्या दुकानातील वृद्ध गृहस्थांनी पदक तळहातावर तोलले, उलटे केले, पुन्हा सुलटे केले आणि म्हटले, “सोन्याचे पैसे देतो. खड्याविषयी बोलत नाही.” त्यांचे ते न बोलणे आम्हांला फार बोलके वाटले. खडा काचेचा निघाला तर आम्ही दोघा भावांनी, अजाणता का होईना, बहिणीला फसविले होते.

मी शाळेत इतिहास शिकवितो. परंपरेने चालत आलेली गोष्ट आणि पुरावा यांतला भेद मुलांना समजावून सांगणे हा माझा रोजचा उद्योग. तोच भेद आपल्या घरातील पेटीला लावण्याची पाळी येईल असे मात्र वाटले नव्हते. मग मी रत्नांसंबंधी मिळेल ते वाचू लागलो, आणि लक्षात आले की आमची अडचण काही नवी नाही. याच हैदराबाद शहरातील सर्वांत धनाढ्य घराण्यालाही ती पडली होती.

सहावे निजाम मीर महबूब अली खान १९११ साली वारले. त्यांच्यामागून गादीवर आलेले मीर उस्मान अली खान यांना पुढे काही वर्षांनी चौमहल्ला राजवाड्यात वडिलांच्या जुन्या जोड्याच्या टोकात कापडात गुंडाळलेला एक मोठा खडा सापडला, असे सांगतात. तो काय आहे याची कल्पना नसल्याने त्यांनी तो टेबलावरील कागद उडू नयेत म्हणून ठेवण्याच्या कामी लावला. हा खडा म्हणजे १८४.७५ कॅरट वजनाचा जेकब हिरा. जगातील श्रीमंतांत ज्याची गणना होत असे, त्या पुरुषालाही वारशाने आलेली वस्तू नुसत्या डोळ्यांनी ओळखता आली नाही, ही गोष्ट वाचून माझ्या बहिणीला बरेच समाधान वाटले.

हिरा जोड्यात का गेला त्याचीही हकीकत आहे. ॲलेक्झांडर माल्कम जेकब हा सिमल्याचा नामांकित जवाहिऱ्या. १८९१ साली त्याने महबूब अली खानांना हा हिरा देऊ केला, आणि व्यवहारात त्यांचा आर्मेनियन खासगी सेवक आल्बर्ट आबिद मध्यस्थ होता. आज ज्या आबिड्स भागात आपण खरेदीला जातो तो भाग याच आबिदच्या दुकानामुळे त्या नावाने ओळखला जातो. किंमत ४६ लाख रुपये ठरली, २३ लाख अनामत देण्यात आले, आणि मग सौदा फिसकटला. प्रकरण कलकत्त्याच्या उच्च न्यायालयात फौजदारी खटल्यापर्यंत गेले. जेकब निर्दोष सुटला, पण त्याचा धंदा बुडाला. हिरा निजामाकडे राहिला, पण ज्या हिऱ्यापायी राज्यकर्त्याला साक्ष देण्याची पाळी आली तो डोळ्यांसमोर नकोसा झाला. रुडयार्ड किपलिंगच्या ‘किम’ कादंबरीतील लर्गन साहेब हे पात्र या जेकबवरूनच घेतलेले आहे.

आता या हिऱ्याचे मूळ पाहा. हैदराबादच्या निजामाचा हिरा म्हटला की तो गोवळकोंड्याचा असणार असे कोणालाही वाटेल. वस्तुतः गोवळकोंड्यास हिऱ्याची खाण कधीच नव्हती. तेथे किल्ला होता, आणि किल्ल्याच्या आश्रयाने कारवान वस्तीत पैलू पाडणारे कारागीर आणि व्यापारी राहत असत. खाणी होत्या दूर कृष्णेच्या खोऱ्यात, कोल्लूर, परिटाला वगैरे ठिकाणी. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये सतराव्या शतकात कोल्लूरला गेला तेव्हा तेथे साठ हजार माणसे राबत असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत जगाला हिरा पुरविणारा देश जवळजवळ एकटा हिंदुस्थान, आणि त्याचे मोठे पेठ-नाव गोवळकोंडा. पण जेकब हिरा या मातीतला नाही. तो १८८४ च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेत सापडला. तेव्हा त्याचे वजन ४५७.५ कॅरट होते. लंडनच्या व्यापाऱ्यांनी तो घेतला आणि ॲमस्टरडॅम येथे त्याला पैलू पाडण्यात आले. गोवळकोंड्याच्या वारसाने गोवळकोंड्यातच परदेशी हिरा विकत घेतला होता!

मला या प्रकरणात मौज वाटते ती एवढ्याचसाठी की, खडा कोणाच्या पेटीत सापडला यावरून तो काय आहे आणि कोठला आहे हे ठरविण्याची आपली सवय किती निराधार आहे हे त्यावरून दिसते. बेगमेच्या गळ्यातील म्हणून माणिक, निजामाचा म्हणून गोवळकोंड्याचा. तर्काची जात एकच.

पाचूंच्या बाबतीत तर ही सवय शतकानुशतके चालली. जुन्या जवाहिऱ्यांच्या बोलीत उत्तम पाचूला ‘जुन्या खाणीचा’ म्हणत. आशियात कोठेतरी फार पुरातन खाणी होत्या, त्या लुप्त झाल्या, आणि राजेरजवाड्यांकडील पाचू तेथले, अशी समजूत होती. ताव्हेर्नियेला ती पटत नसे. पूर्वेकडे पाचू सापडतात हे म्हणणे जुना भ्रम असून ते अमेरिकेतून येतात, असे त्याने सतराव्या शतकातच स्पष्ट लिहिले. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी आजच्या कोलंबियातील खाणी ताब्यात घेतल्या होत्या. तेथला माल स्पेनहून लिस्बनला, लिस्बनहून पोर्तुगीज गलबतांतून गोव्याला उतरे, आणि गोव्याच्या बाजारातून दख्खनच्या सुलतानांकडे व मोगल दरबाराकडे जाई. घाट चढून गेलेल्या त्या पाचूला वर पोहोचेपर्यंत नवे कुलवृत्तान्त मिळत असत.

या वादाचा निकाल लागला तो अगदी अलीकडे, २००० साली. गॅस्तों ज्युलियानी या फ्रेंच भूशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या काळांतील पाचूंच्या अंगच्या प्राणवायूच्या अणूंचे प्रमाण मोजले. प्राणवायूचे अणू हलके व जड असे असतात, आणि प्रत्येक खाणीतील खडकाप्रमाणे त्यांचे प्रमाण बदलते. एका सूक्ष्म किरणशलाकेने खड्यावर केसाच्या जाडीहूनही लहान खळगा पाडून हे मोजमाप होते. पाहणाराला व्रणही दिसत नाही. फ्रान्समध्ये सापडलेल्या रोमन काळातील कर्णभूषणातला पाचू स्वात खोऱ्यातला निघाला, फ्रान्सच्या राजमुकुटातला ऑस्ट्रियातला निघाला. आणि हैदराबादच्या निजामाच्या खजिन्यातील, अठराव्या शतकात पैलू पाडलेले चार ‘जुन्या खाणीचे’ पाचू तपासले, त्यांतील तीन कोलंबियाचे आणि एक अफगाणिस्तानातील पंजशीर खोऱ्याचा ठरला. म्हणजे ताव्हेर्निये तीन चतुर्थांश खरा! उरलेल्या एका खड्याने जवाहिऱ्यांच्या त्या दंतकथेची लाज राखली. दंतकथा सर्वस्वी खोटी क्वचितच असते, हे मुलांना सांगताना मी आता हेच उदाहरण देतो.

परंतु आमचा प्रश्न तांबड्या खड्याचा होता, आणि तांबड्या खड्यांइतकी फसवणूक दुसऱ्या कोणत्याही रंगात झालेली नाही. ‘लाल’ हा शब्द आपण रंगाचा म्हणून वापरतो. जवाहिऱ्यांच्या फारसीत मात्र ते एका विशिष्ट खड्याचे नाव आहे. हा लाल बदख्शानच्या डोंगरातून येई. युरोपात त्याला ‘बलास’ माणिक म्हणत, आणि आजच्या शास्त्रात त्याचे नाव स्पिनेल. माणिक आणि स्पिनेल दोघांनाही तांबडा रंग येतो तो क्रोमियम या एकाच धातूच्या अंशामुळे, म्हणून नजर फसते. पण दोघांचे द्रव्य निराळे. माणकात ॲल्युमिनियम आणि प्राणवायू, तर स्पिनेलमध्ये त्यांच्या जोडीला मॅग्नेशियम. युरोपात हा भेद शास्त्रीय रीतीने स्पष्ट झाला तो १७८३ साली रोमे द लील या फ्रेंच स्फटिकशास्त्रज्ञाकडून. इंग्लंडच्या राजमुकुटातील ‘काळ्या राजपुत्राचे माणिक’ म्हणून मिरविलेला खडा वस्तुतः स्पिनेल आहे.

पूर्वेकडच्या पारख्यांना मात्र हा भेद फार आधीपासून ठाऊक होता. गझनीच्या दरबारातील अल्‌बेरूनी याने अकराव्या शतकात रत्नांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, त्यात माणिक आणि लाल ही दोन वेगळी रत्ने मानली आहेत. त्याने नुसते मानून सोडले नाही, मोजून दाखविले. पाण्याने काठोकाठ भरलेल्या पात्रात खडा टाकायचा, बाहेर सांडलेले पाणी तोलायचे, आणि त्यावरून समान आकारमानाच्या खड्यांची वजने ताडून पाहायची. नीलम शंभर धरला तर लाल नव्वदीच्या आसपास येतो. आजही प्रयोगशाळेत तत्त्व हेच आहे, तराजू तेवढा अधिक बारीक.

आणि मोगलांच्या घरात ही पारख किती मोलाची होती याची एक गोष्ट ताव्हेर्नियेने सांगितली आहे. औरंगजेबाचा नातलग जाफरखान याने बादशहाला नजर करण्यासाठी ९५,००० रुपयांना एक मोठा लाल विकत घेतला. दरबारातील एका वृद्ध हिंदी पारख्याने तो पाहून सांगितले की हा खरा लाल नव्हे, याची किंमत पाचशे रुपयांहून अधिक नाही. इतर जवाहिरे उलट बोलू लागले. तेव्हा औरंगजेबाने खडा आग्र्याच्या किल्ल्यात कैदेत असलेल्या शहाजहानकडे पाठविला. रत्नांचा जाणकार म्हणून शहाजहानची बरोबरी करणारा कोणी नव्हता. ज्या मुलाने आपल्याला कोंडून ठेवले त्याच्या खड्याची परीक्षा करताना शहाजहानच्या मनात काय आले असेल याची कल्पना आपण करावी. त्याने वृद्ध पारख्याचे म्हणणे खरे ठरविले, आणि विकणाऱ्याला पैसे परत करावे लागले.

ही गोष्ट मी बहिणीला सांगितली. ती म्हणाली, “आपल्याकडे शहाजहान कुठला आणायचा?”

घरगुती परीक्षा सुचविणारे पुष्कळ भेटले. माणिक दुधात टाकला तर दूध तांबूस दिसते, असे आमच्या आत्याचे म्हणणे. सुदैवाने त्या दिवशी घरातले दूध नासले होते. मी सुदैवाने म्हणतो याचे कारण जुन्या दागिन्यांची घडण. आपल्याकडील जडावाच्या कामात खडा मागून बंद असतो. सोन्याच्या घरात लाख भरतात, तिच्यावर डांक, म्हणजे चकचकीत किंवा रंगविलेला पातळ पत्रा ठेवतात, त्यावर खडा बसवितात, आणि भोवती शुद्ध सोन्याची पट्टी दाबून कोंदण पक्के करतात. प्रकाश खड्यातून आत जाऊन डांकेवरून परत फिरतो, म्हणून फिकट खडाही तेजस्वी दिसतो. अशा दागिन्यात दूध किंवा पाणी शिरले तर डांक काळी पडते आणि खडा एका दिवसात मेल्यासारखा होतो. कित्येक घरांतील चांगले जडावाचे दागिने साबणाच्या पाण्याने असे गेले आहेत.

ओरखडा काढून पाहण्याची परीक्षा याहून वाईट. माणकाचा कठीणपणा नऊ, स्पिनेलचा आठ, गारेचा सात, काचेचा साडेपाचच्या जवळपास. तेव्हा ओरखड्याने फार तर काच वेगळी पडेल, पण खड्याचे पैलू बिघडतील. हातोड्याची परीक्षा सांगणारे तर हिरा फोडून टाकतात. हिरा घणाने फुटत नाही ही समजूत खोटी आहे, असे गार्सिया द ओर्ता याने गोव्यात १५६३ साली छापलेल्या आपल्या संवादग्रंथात लिहून ठेवले आहे. हा ओर्ता अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा वैद्य होता. दख्खनमधील दरबारांची रत्ने त्याने पाहिलेली होती. चारशे साठ वर्षे होऊन गेली, तरी हातोडा घेणारे अजून आहेतच.

आणखी एक भीती मला वाचनातून लागली होती. व्हर्नोय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०२ साली ज्वाळेत माणिक बनविण्याची कृती प्रसिद्ध केली, आणि थोड्याच वर्षांत असे माणिक बाजारात विपुल झाले. ते काचेचे नव्हेत. द्रव्य, वजन, कठीणपणा सर्व खाणीतील माणकासारखेच. फक्त आत, ग्रामोफोनच्या तबकडीवरील रेघांसारख्या, सूक्ष्म वक्र रेषा दिसतात. आमची कथा १९०९ ची. म्हणजे बेगमसाहेबांच्या गळ्यात असा खडा असणे अशक्य नव्हते. पुढे त्याच रीतीने स्पिनेलही तयार होऊ लागले. एखाद्या सोनाराने दुरुस्तीच्या वेळी जुना खडा काढून नवा बसविला असेल तर पणजीची कथा खरी आणि खडा खोटा, असेही होऊ शकत होते.

शेवटी आम्ही मुंबईच्या एका प्रयोगशाळेत पदक नेले. तेथील तज्ज्ञ बाईंनी भिंगातून पाहिले आणि सांगितले की वरून दिसते तेवढ्यावर मी प्रमाणपत्र देणार नाही. खडा कोंदणातून काढून आणा. हे ऐकून आम्ही तिघेही गप्प झालो. कोंदण उघडायचे म्हणजे शंभर वर्षांहून अधिक काळ मिटलेला दागिना मोडायचा. धाकट्या भावाचे मत, नकोच. “कथा आहे, ती असू दे.” मी कचरलो. बहीण म्हणाली, “कथा तुम्ही दोघे ठेवा. फी मला भरायची आहे.” यावर बोलण्यासारखे काही उरले नाही.

हैदराबादेत परत आल्यावर जुन्या शहरातील एका कारागिराने ते काम केले. जडाव उकलणारी माणसे आता थोडीच राहिली आहेत. त्याने सोन्याची पट्टी अणकुचीदार हत्याराने हळूहळू सैल केली, लाख ऊब देऊन मऊ केली, आणि खडा चिमट्यात धरून आमच्यापुढे कागदावर ठेवला. कागदावर पडलेला तो खडा तांबडा नव्हता. फिकट गुलाबी होता, पाण्यात विरघळलेल्या कुंकवाच्या रंगाचा. तांबडेपणा राहिला होता खाली, लाखेला चिकटलेल्या डांकेवर. एवढी वर्षे आमच्या घरात जो रंग मिरविला तो पत्र्याचा होता.

बहिणीचा चेहरा पाहण्याचे धैर्य मला झाले नाही. पण कारागिराने खडा उजेडात धरून फिरविला आणि आम्हांला जवळ बोलाविले. खड्याला पैलू नव्हते. नदीतल्या गोट्यासारखा तो नुसता घासून गुळगुळीत केलेला होता. आणि त्याच्या लांबीतून आरपार एक बारीक छिद्र गेलेले होते. कोंदणाच्या कडेखाली दोन्ही तोंडे झाकली गेल्यामुळे ते कोणाला दिसलेच नव्हते.

प्रयोगशाळेतील बाकीचे काम अर्ध्या तासाचे होते. खडा हवेत भरला २.७० ग्रॅम, पाण्यात बुडवून तोलला तेव्हा त्याचे वजन ०.७५ ग्रॅमने कमी झाले. भागाकार केला तर ३.६० येतात. माणिक असता तर चारच्या घरात आकडा आला असता. मग खड्यातून जाताना प्रकाश किती वाकतो ते यंत्रावर पाहिले, १.७१८. माणकाचा आकडा १.७६ च्या वर असतो, आणि माणकातून जाताना किरण दुभंगतो, तसा येथे दुभंगला नाही. ज्वाळेत बनविलेल्या स्पिनेलचा आकडा बहुधा १.७२८ असतो; तोही हा नव्हे. खाली भिंगात अगदी लहान अष्टफलकी स्फटिकांची एक माळ दिसली, ती खाणीतील स्पिनेलची खूण. बाईंनी लिहून दिले: नैसर्गिक स्पिनेल, फिकट गुलाबी, छिद्र पाडलेला.

म्हणजे काचही नव्हे आणि माणिकही नव्हे. लाल, आणि तोही फिकट. त्याची जी किंमत पुढे सांगण्यात आली ती आम्ही वाटणीच्या वेळी मनात धरलेल्या रकमेच्या पाव भागाहून कमी होती. आम्ही दोघा भावांनी ठेवीचा हिशेब पुन्हा मांडला आणि बहिणीच्या वाट्याची उणीव भरून काढली. तिच्या मुलीची फी त्यातूनच भरली गेली. हे औदार्याने केले असे कोणी समजू नये. वाटणीच्या कागदावर ‘माणिक’ हा शब्द माझ्याच अक्षरात होता.

छिद्राविषयी मात्र मी बाईंना विचारल्यावाचून राहिलो नाही. त्या म्हणाल्या, असे आरपार भोक पाडलेले गुळगुळीत लाल मोगल काळातील दागिन्यांत फार आढळतात. ते माळेत ओवीत असत. पैलू पाडण्यात वजन वाया जाई, म्हणून खडा आहे त्याच घाटात घासून ओवायचा, ही तेव्हाची पद्धत. पुढे माळ तुटली, वाटली गेली, किंवा विकली गेली, की तोच मणी कोंदणात बसे. तुमचा खडा या पदकासाठी घडविलेला नाही, एवढे मात्र निश्चित. छिद्र केव्हाचे ते आकड्यांनी सांगता येत नाही, म्हणून प्रमाणपत्रात ते लिहिता येत नाही.

निजामाच्या घराण्यातील दागिन्यांची गोष्ट याहून फार मोठ्या मापावर घडली. उस्मान अली खानांनी १९५१ आणि १९५२ साली जडजवाहिराचे दोन विश्वस्त निधी केले. त्यांच्या मृत्यूनंतर, १९६७ च्या पुढे, विक्रीचा, निर्यातीचा व किमतीचा वाद न्यायालयांतून वर्षानुवर्षे चालला. आणि १९९५ साली भारत सरकारने १७३ नग २१८ कोटी रुपयांना घेतले. जेकब हिराही त्यांतच आहे. ते दागिने रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीत असतात आणि अधूनमधून प्रदर्शनात मांडले जातात. सालारजंग संग्रहालयात ते आले होते तेव्हा मी पाहिले. सात पदरांच्या मोत्याच्या सतलड्यापुढे माणसांची दाटी होती. मी मात्र जडावाच्या तांबड्या खड्यांकडे पाहत होतो, आणि मनात एकच विचार येत होता: यांच्या मागे काय असेल?

आमचे पदक पुन्हा जुळवायला दिले तेव्हा कारागिराने विचारले, डांक नवी घालायची की खडा उघडाच बसवायचा? उघडा बसविला तर त्याचा खरा रंग दिसेल, पण आईच्या गळ्यात आम्ही पाहिलेले पदक ते राहणार नाही. बहिणीने बराच वेळ दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून विचार केला. मग म्हणाली, डांक घाला, तांबडीच घाला. पण पदकाची मागची बाजू बिजागरीची करा, म्हणजे पोरीला खडा काढून दाखवता येईल.